हॅलोताईंचा उजवा कान

मंगळवार, ११ फेब्रुवारी. सकाळी पाणी उशिरा आलं. इस्त्रीचे कपडे आले, एक अभ्रा कमी. दुपारी खाली हॅलोताईंकडे गेले. हॅलोताईंना ऐकू आलं. बाकीचं संध्याकाळी लिहीन.

एवढं लिहून मी पेन ठेवलं. रोज डायरी लिहायची सवय शाळेपासूनची; आमचे हे गेले त्या दिवशीही चार ओळी लिहिल्या होत्या. पण त्या दुपारी माझं अक्षर मलाच ओळखू येईना. आता पहिल्यापासून सांगते.

हॅलोताई माझ्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतात. त्यांचं खरं नाव पेन्शनच्या कागदांवर असेल. आमच्या इमारतीत ते कोणी घेत नाही. सारी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून केली. उंच स्टूल, समोर भिंतभर भोकांचा बोर्ड, डोक्याला हेडफोन आणि दोन्ही हातांत वायरी. या भोकातली वायर उपसून त्या भोकात खुपसली की दोन अनोळखी घरं एकमेकांशी बोलू लागायची.

"आमचं काम स्थळं जुळवणाऱ्या मध्यस्थासारखं," त्या म्हणायच्या. "गाठ मारून द्यायची आणि बाजूला व्हायचं. पुढचं त्यांचं ते बघून घेतील."

या बाजूला होण्याला त्यांच्या लेखी फार महत्त्व होतं. बोर्डावर एक खटका असे. तो उघडा राहिला तर ऑपरेटरला दोघांचं बोलणं ऐकू येई. जोडणी झाली की खटका बंद करायचा, हा तिथला नियम. जी बाई मुद्दाम विसरायची, तिच्याशेजारी बसून बाकीच्या डबाही खात नसत. हॅलोताईंनी खटका कधी उघडा ठेवला नाही. पण पहिला 'हॅलो' तर कानावर पडायचाच, आणि तेवढा त्यांना पुरे व्हायचा. माणूस उपाशी आहे, तापात आहे, बायकोशी भांडून आला आहे, हे त्या एका शब्दावरून सांगत. एकदा एका डॉक्टरांनी नंबर मागितला तर ह्या पटकन म्हणाल्या, "घसा बसलाय तुमचा, मिठाच्या गुळण्या करा." डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमची फी किती?"

नवरा लवकर गेला. मुलगी शाळेत जाणारी, मुलगा अंगावरचं दूध नुकतंच सुटलेला. रात्रपाळी करून त्यांनी दोघांना वाढवलं. मुलगी लग्न होऊन दूर देशी गेली. मुलगा एका शाळेत इंग्रजी शिकवतो. सगळी इमारत त्याला 'सर' म्हणते. हळू बोलणारा, जिन्यात भेटला तर हातातली पिशवी काढून घेणारा, कोणाच्या घरी आजारपण असलं तर न सांगता औषध आणून देणारा. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको माहेरी गेली ती परतली नाही. तरी त्याच्या तोंडून तिच्याबद्दल वावगा शब्द कोणी ऐकला नाही. माझ्या डायरीत त्याच्यापुढे 'देवमाणूस' असं लिहिलेलं सापडेल, आणि तेही एकदा नव्हे.

हॅलोताईंचा डावा कान हेडफोनने नोकरीतच खाल्ला. उजवा वयाने मंदावला, तेव्हा त्यांनी मशीन घेतलं. माझं मशीन ज्या दुकानातलं, तिथलंच, त्याच बनावटीचं. डाळीच्या दाण्याएवढी बॅटरी, तीही एकाच मापाची. त्यांना मोतीबिंदू आणि बोटांना कंप, त्यामुळे बॅटरी बदलायचं काम सरांचं. दर रविवारी सकाळी तो आईला खिडकीशी बसवायचा, मशीन उघडायचा, बॅटरी घालून परत कानात बसवायचा. समोरच्या इमारतीतल्या बायका आपल्या मुलांना ते दाखवत.

मशीन लावल्यावर काही काळ त्या पुन्हा पूर्वीच्या हॅलोताई झाल्या होत्या. आणि मग दीडएक वर्षापूर्वी, एका रविवारनंतर, सगळंच थांबलं. सर म्हणाला, जिने उतरवून तिला कशाला हाल करू, मीच मशीन आणि जुने रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जातो. परत आला तो तोंड पाडून. "काकू, कानाची नसच सुकलीय म्हणे. मशीन ठीक आहे, कानच गेला. पण मशीन काढू नका म्हणालेत, सवय राहू दे."

मग एकेक गोष्ट त्यांच्या हातातून गेली. शिट्टी ऐकू येत नाही म्हणून कुकर बंद, मग गॅसच बंद. हॉर्न ऐकू येत नाही म्हणून एकटीने बाहेर जाणं बंद. खोलीतला फोन काढून नेला. नुसता बघून जीव जळतो, असं सर म्हणाला, आणि ते खरंही वाटलं. मुलीचा दर शनिवारचा फोन सरच घेऊ लागला. मी आठवड्यातून दोनदा पाटी आणि खडू घेऊन खाली जायची. मी लिहायची, त्या डोळ्यांजवळ पाटी धरून वाचायच्या आणि मोठ्याने उत्तर द्यायच्या. उत्तरं हळूहळू लहान होत गेली. गेल्या महिन्यात म्हणाल्या, "डायरीबाई, मला आता लेकीचा आवाज आठवत नाही. चेहरा आठवतो. आवाजच येत नाही."

मला त्या डायरीबाईच म्हणतात.

त्या मंगळवारच्या आधीच्या शुक्रवारी सर माझ्याकडे आला होता. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणून मुलांना द्यायचे इंग्रजी शब्दांचे कागद तो मला दाखवून घेतो. त्या दिवशीच्या पानावर तीन शब्द होते: बॅड, विकेड आणि ईव्हल. पुढे मराठी अर्थ आणि वाक्यात उपयोग.

"पहिले दोन जमले, काकू. वाईट आणि दुष्ट. तिसऱ्याला काय लिहू?"

मी बराच वेळ विचार केला. दुष्ट तर आपण लेकरालाही लाडाने म्हणतो, 'दुष्ट कुठला, आईला विसरलास!' पापी म्हटलं की देवाधर्माचा वास येतो. राक्षसी म्हटलं की शिंगं दिसतात. मी त्याला आमच्या सिस्टरांचं सांगितलं. शाळेच्या मेसमध्ये एकदा नासकं अंडं निघालं, तेव्हा त्यांनी तिथेच धडा घेतला होता. अंडं नासतं, त्यात अंड्याचा दोष नाही, ते बॅड. पण नासलेलं माहीत असून कोणी हसत हसत दुसऱ्याच्या ताटात वाढलं, तर तिथे ईव्हल लागतो. आणि हा शब्द चांगल्या कपबशांसारखा कपाटात ठेवा, म्हणाल्या, रोज काढू नका.

सर हसला. "हल्ली रोजच निघतो, काकू. मुलं गजराच्या घड्याळाला ईव्हल म्हणतात, गणिताच्या पेपरला म्हणतात, चॉकलेटच्या केकलासुद्धा! शिवाय नेसेसरी ईव्हल आहेच. न टाळता येणारी वाईट गोष्ट. दात उपटणं वगैरे."

"पण मूळ अर्थ काय लिहिणार?"

त्याने पेन गालाला लावलं आणि म्हणाला, "दुसऱ्याच्या दुःखात आनंद मानणारा. आनंद हवा. त्याशिवाय ईव्हल नाही." त्याने तसंच सुबक अक्षरात लिहिलं. मलाही ते पटलं. चहा घेऊन, कपबशी स्वतः विसळून तो गेला.

मंगळवारी मी पाटी घेऊन खाली गेले. सर शाळेत होता. हॅलोताईंनी मशीन काढून टेबलावर ठेवलं होतं, पावडरच्या डबीशेजारी. "कानात रुततं मेलं," म्हणाल्या. "रविवारी नवीन बॅटरी घातलीय त्यानं. पण मेल्या घोड्याला नाल ठोकून काय होणार?"

तेवढ्यात माझ्या मशीनने बॅटरी संपल्याची पिपाणी वाजवली. पर्समध्ये मी जादा पाकीट ठेवतेच. मशीन काढलं, नव्या बॅटरीवरचा नारिंगी कागद सोलला, मिनिटभर तिला हवा लागू दिली आणि आत घातली. मग मूठ मिटून मशीन त्यात धरलं. चालू मशीन मुठीत धरलं की बारीक शिट्टी वाजवतं. दुकानदाराने पहिल्याच दिवशी शिकवलेली परीक्षा. कानात घालण्याआधी नुसत्या कानालाही ती शिट्टी कळेल इतकी तीक्ष्ण असते. माझं वाजलं, ते कानात घातलं.

मग हाताशी होतं म्हणून त्यांचंही मुठीत धरलं. काही नाही. मूठ घट्ट केली. काही नाही.

मला वाटलं, मशीनच बिघडलं. मग आठवलं, डॉक्टर म्हणाले होते मशीन ठीक आहे. ठीक असलेलं मशीन वाजायला हवं. त्याला कानाच्या नसेशी काय देणंघेणं? मी त्यांच्या बॅटरीचं दार नखाने उघडलं, आतली काढली आणि माझ्या पाकिटातली एक घातली.

मुठीतून शिट्टी आली.

त्या क्षणी मला आनंदच झाला. मी मनाशी सतरा कारणं शोधली: दुकानदाराने जुना माल दिला असेल, सर कागद सोलायला विसरत असेल, बिचाऱ्याला घाई असते. हॅलोताईंना काही न सांगता मशीन त्यांच्या उजव्या कानात बसवलं. आणि सवयीने पाटी उचलली, ती हातातून निसटून फरशीवर पडली.

हॅलोताई दचकल्या. फुटक्या पाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"हळू," त्या म्हणाल्या. आणि स्वतःचा आवाज ऐकून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"ऐकू येतंय?" मी विचारलं.

"येतंय. तुमचा आवाज केवढा म्हातारा झालाय हो, डायरीबाई!"

आम्ही दोघी हसलो, रडलो, काय केलं ते नीट आठवत नाही. पंख्याचा आवाज, नळाचा आवाज, खाली कोणीतरी स्कूटर चालू करत होता त्याचा आवाज; त्या बोट वर करून एकेक दाखवत होत्या. मग एकदम थांबल्या.

"काय केलंत तुम्ही?"

"काही नाही. बॅटरी घातली."

"नुसती बॅटरी?"

त्या उठल्या. सर बॅटऱ्या कुठे ठेवतो ते त्यांना माहीत होतं, कपाटावरच्या स्टीलच्या डबीत. मी डबी काढली. आत नारिंगी कागदाची एकही बॅटरी नव्हती. कागद नसलेल्या, जुन्या, तीन बॅटऱ्या होत्या. एकेक करून मशीनमध्ये घातल्या. तिन्ही मेलेल्या.

मी तरीही म्हणाले, "त्याला कळलं नसेल."

हॅलोताई पलंगावर बसल्या. खूप सावकाश बोलल्या. "लाईन खराब असली की खरखर येते. आवाज दुरून येतो, तुटक येतो. लाईन कापली की काहीच येत नाही. मला काहीच येत नव्हतं, डायरीबाई. मी सगळं आयुष्य बोर्डावर काढलं, आणि माझ्या डोक्यात आलं नाही."

जिन्यात पावलं वाजली. ती त्यांनी माझ्याआधी ऐकली.

"थांबा," मी कुजबुजले, "तुम्ही आत्ता काही दाखवू नका. बघू तरी तो काय..."

"नाही. चोरून ऐकायचं नाही."

सर आत आला. चपला जागेवर ठेवल्या, आईकडे बघून हसला, हात हलवला. मग बॅग उतरवता उतरवता माझ्याशी बोलू लागला, बहिऱ्या माणसासमोर बोलतात तसं, मोकळं. "बसा काकू. तुम्ही एकट्याच येता नेमानं. मला तर दिवसभर शाळेत घसा फोडून आल्यावर घरातली ही शांतता बरी वाटते."

"मला नाही बरी वाटत," हॅलोताई म्हणाल्या.

कोणताही मुलगा काय म्हणेल? 'आई, तुला ऐकू आलं?' असंच ना? मी त्या वाक्याची वाट बघत होते. देवाशपथ सांगते, अजूनही बघत होते. पण त्याने आईकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"बॅटरी कोणी बदलली?"

मी म्हणाले, "मी. माझ्याकडची."

"मला विचारायचं होतंत, काकू." आवाज तोच, माझी पिशवी उचलून घेतानाचा.

"रविवारी घातलीस ती कुठली होती?" हॅलोताईंनी विचारलं.

"जुनी."

"त्याच्या आधीची?"

त्याने खुर्ची ओढली आणि समोर बसला, पालकांच्या सभेत बसावं तसा, गुडघ्यावर हात ठेवून. खोटं बोलला नाही. ते बरं झालं असतं असं आता वाटतं.

"आई, तू सगळं ऐकायचीस. मी बायकोशी फोनवर भांडलो की सकाळी चहाबरोबर तुझा निकाल तयार. 'असं बोललास म्हणून ती येत नाही, तसं बोलायला हवं होतंस.' वर शनिवारी ते सगळं ताईच्या कानावर. या घरात एक वाक्य माझं एकट्याचं नव्हतं."

"मग सांगायचंस, आई, ऐकू नकोस. बोर्डाला खटका होता, बंद करायचे मी. घराला खटका नाही रे. तोंडानं सांगितलं असतंस तर गॅलरीत जाऊन बसले असते."

"सांगून ऐकलं असतंस?"

"न सांगता बहिरी झाले, सांगून काय नसते झाले?"

मी मध्येच म्हणाले, "अरे, पण डॉक्टर? ती नस?"

"डॉक्टरांकडे मी गेलोच नव्हतो, काकू." आणि मग आईला म्हणाला, "तुला कमी काय पडलं? जेवण, औषध, कपडे. कधी आवाज चढवला?"

"चढवला असतास तरी मला कुठे कळणार होतं?"

यावर त्याच्या ओठांवर हसू आलं. खरंच आलं. विनोद चांगला होता ना!

हॅलोताई मात्र हसल्या नाहीत. "एक सांग. दर रविवारी मशीन कानात घातलंस की तुझं तोंड हललेलं दिसायचं. 'आई, ऐकू येतंय?' असं विचारायचास. मी मान हलवून नाही म्हणायचे. मग तू माझ्या डोक्यावरून हात फिरवायचास. तो हात कशासाठी?"

त्याने खरोखर विचार केला. खिडकीकडे बघून, विद्यार्थ्याच्या अवघड प्रश्नावर करावा तसा. म्हणाला, "तुला बरं वाटावं म्हणून."

तेव्हा माझ्या तोंडून तो शब्द गेला. मोठ्याने नाही. इंग्रजीतच गेला, कारण मराठीतला कुठलाच हाताशी आला नाही. इतक्या वर्षांत कोणा जिवंत माणसाला उद्देशून मी तो कधी उच्चारला नव्हता.

सरने माझ्याकडे वळून मान हलवली. रागावला नव्हता. "नाही काकू, परवाच आपण बोललो. त्यात आनंद लागतो. मला तिच्या दुःखाचा आनंद कधीच झाला नाही. उलट वाईट वाटायचं. फार तर नेसेसरी म्हणा."

"तुला तिचं दुःख दिसत होतं?"

"दिसत होतं ना."

त्याने मनगटावरचं घड्याळ सरळ केलं. मी त्या हाताकडे बघत राहिले. शुक्रवारी त्याच हाताने माझी कपबशी विसळली होती, आणि लिहिलेली व्याख्या मला वाचायला दिली होती, आणि मी 'छान' म्हटलं होतं. सिस्टरांनी शब्द कपाटात ठेवायला सांगितला होता. पण तो कोणाच्या अंगावर ओळखायचा कसा, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. मी मोठ्या आवाजाची, लाल डोळ्यांची वाट बघत होते.

"काय म्हणालात तुम्ही त्याला?" हॅलोताईंनी विचारलं. "मराठीत सांगा."

मला सांगता येईना.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. मग मुलाकडे बघून, "सुरीनं कापला असतास तर ओरडले तरी असते. केसानं कापलास गळा." आणि उठल्या. "डायरीबाई, तुमच्याकडे फोन आहे ना?"

दीड वर्षानंतर त्या घराचा उंबरा ओलांडून त्या जिना चढल्या. माझ्या घरात स्टुलावर ताठ बसल्या आणि लेकीचा लांबलचक नंबर न अडखळता दाबला. पलीकडून 'हॅलो' आलं, आणि ह्या बोलेचनात. डोळे मिटून नुसत्या बसल्या. पलीकडून दोनदा, तीनदा 'हॅलो, कोण?' झाल्यावर म्हणाल्या, "झोप झाली नाही का गं तुझी?"

मग पलीकडे जो आवाज फुटला तो मला चार हातांवरूनही ऐकू आला.

लेकीला त्यांनी एवढंच सांगितलं की मशीन चालू झालं. भावाबद्दल अक्षर नाही. फोन ठेवल्यावर मी विचारलं, तर म्हणाल्या, "सांगणार. पण समोर बसवून. असलं तारेवरून सांगायचं नसतं."

दिवेलागणीला सर वर आला. हातात एक पिशवी, आत आईचा गाऊन, घडी घातलेला, आणि गोळ्यांची डबी. "पांढरी जेवणाआधी, पिवळी नंतर," तो मला म्हणाला. "राग शांत झाला की ये म्हणावं." जाताना माझ्या दारातलं पायपुसणं वाकडं झालं होतं, ते त्याने पायाने सरळ केलं.

हॅलोताई आतल्या खोलीत होत्या. शब्दन्‌शब्द ऐकू गेला असणार. त्या बाहेर आल्या नाहीत. मी दार लावलं, कडी घातली, साखळीही लावली. ती साखळी मी कधी लावत नाही.

मग डायरी उघडली. दुपारच्या ओळींखाली तो शब्द लिहायला घेतला आणि खोडला. दुसरं काही सुचेना. शेवटी झालं तेवढंच लिहिलं: आतल्या खोलीतल्या कपाटाचे खालचे दोन कप्पे रिकामे केले. चादरी वरच्या फळीवर ठेवल्या.